किल्ली कोणाच्या कनवटीला?

सुरतेहून नवसारीकडे जाणाऱ्या गाडीने उधना आणि भेस्तान मागे टाकले, की सचिन येते. औद्योगिक वसाहतीतले यंत्रमाग आणि कापड रंगवण्याचे कारखाने यांमुळे हे नाव आज आपल्या लोकांच्या तोंडी असते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबे या पट्ट्यात पोटापाण्यासाठी आली आणि इथलीच झाली. अशाच एका स्नेह्यांकडे आम्ही परवा गेलो, तेव्हा त्यांचा आय. टी. आय.मध्ये शिकणारा मुलगा वडिलांचा जुना फोन पुढ्यात घेऊन खिन्न बसला होता.

फोन सहा वर्षांपूर्वीचा. काच शाबूत, बॅटरी नुकतीच बदललेली. पण कंपनीने त्याला सुधारणा पाठवणे केव्हाच थांबवले होते आणि नवी ॲप त्यावर उतरेनाशी झाली होती. मुलाच्या मनात होते, की त्यावर 'लिनिएजओएस' ही प्रणाली चढवावी आणि फोन धाकट्या बहिणीला अभ्यासासाठी द्यावा. जगभरचे हौशी प्रोग्रॅमर २०१६ पासून ही प्रणाली चालवतात. ती फुकट मिळते आणि जुन्या फोनांना नवे आयुष्य देते. त्यासाठी आधी बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते. त्याने कंपनीकडे रीतसर अर्ज केला, सात दिवस वाट पाहिली, आणि उत्तर आले की या मॉडेलला परवानगी नाही.

"काका, फोन आम्ही पैसे मोजून घेतला. मग परवानगी कसली मागायची?" त्याने विचारले. आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही.

बूटलोडर म्हणजे फोनच्या देवडीवरचा पहारेकरी. फोन सुरू करताच हा लहानसा प्रोग्रॅम सर्वांआधी जागा होतो, आत येणाऱ्या प्रणालीवर कंपनीची सही आहे की नाही हे तपासतो, आणि सही नसेल तर तिला उंबऱ्याबाहेर ठेवतो. पूर्वी बऱ्याच कंपन्या मागणाऱ्याला किल्ली देत. ह्वावेने २०१८ साली ती देणे बंद केले. शाओमीने २०१६ पासून परवानगीची पद्धत आणली आणि पुढे तिच्या अटी वाढवीत नेल्या. सॅमसंगने तर २०१३ पासून आपल्या फोनांत एक इवलासा फ्यूज बसवला. परकी प्रणाली घातली की तो जळतो आणि पुन्हा कधी जोडता येत नाही. २०२५ च्या 'वन यूआय ८'मध्ये तिने कुलूप उघडण्याची सोयच काढून टाकली. गूगलने स्वतः विकलेले पिक्सेल मात्र अजून उघडता येतात.

सचिनमध्ये बसून हे ऐकताना आम्हांला जंजिरा आठवला, आणि ते अगदीच विनाकारण नव्हते. सचिन संस्थान जन्मले तेच मुळी जंजिऱ्याच्या व्यवहारातून. १७९१ साली सिद्दी बाळूमियाँने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि मोबदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. पेशव्यांच्या हाती कागद आला. किल्ला काही आला नाही. आतल्या सिद्दींनी दरवाजा उघडलाच नाही. बाळूमियाँच्या वंशजांनी मात्र १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत इथे राज्य केले. दुकानातून फोनची पावती घेऊन घरी येणारा आजचा गिऱ्हाईक पेशव्यांपेक्षा फारसा निराळा नसावा.

कंपन्यांची बाजू सर्वस्वी लटकी आहे असे मात्र नव्हे. कुलूप उघडे असलेला फोन कोणाच्या हाती क्षणभर लागला, तर त्यात लबाड प्रणाली घालता येते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. म्हणूनच उघडताना फोनमधील सारी माहिती पुसली जाते आणि पुष्कळ बँकांची ॲप अशा फोनवर चालत नाहीत. फोनमध्ये महिन्याचा पगार सांभाळणाऱ्या गिरणी-कामगाराला हा पहारा हवाच. आमची तक्रार पहाऱ्याविषयी नाही. कंपनी सुधारणा पाठवणे थांबवते, म्हणजे पहारेकऱ्याला शिधा देणे बंद करते. तरी किल्ली मात्र कनवटीला खोचून ठेवते. ज्या दिवशी सुधारणा थांबल्या, त्याच दिवशी किल्ली धन्याच्या हाती द्यावी, एवढे मागणे गैर कसे?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोबाइल, शेतीची अवजारे, घरगुती उपकरणे आणि वाहने हे तिचे विषय. कोणत्याही कारागिराकडून दुरुस्ती करवून घेता यावी हा हेतू. आमच्या मते या हक्कात देवडीची किल्लीही धरली पाहिजे. सचिनमधला मास्तर मागाचे दात बदलतो, पट्टा बदलतो, नव्या जातीचे कापड त्यावर काढतो; माग बनवणाऱ्याला कोणी पत्र धाडीत नाही.

स्नेह्यांनी अखेर मुलीसाठी हप्त्यांवर नवा फोन घेतला. जुना आता खिडकीत असतो. वडिलांची रात्रपाळी असली, की संध्याकाळी तो गजर वाजवून त्यांना उठवतो. तेवढ्यासाठी अजून कोणाची परवानगी लागत नाही.