घरातील कोळी आणि पावसाळ्यातील फोड
मुठेकाठच्या वारज्यात मृगाचा पाऊस सुरू झाला की दिव्याभोवती किडे जमतात आणि त्यांच्यामागे कोळीही दिसू लागतात. लांब पायांचा कोळी आढ्याच्या कोपऱ्यात जाळे विणतो. चपटा मोठा कोळी जाळे विणीत नाही. तो दिवसा तसबिरीमागे दडतो व रात्री झुरळे मारतो. अंगावरून कोळी गेल्याने फोड येतात असे समजून हा बिचारा विनाकारण मारला जातो. पावसाळ्यातील असे फोड पुष्कळदा दिव्यावर येणाऱ्या काळ्या-नारिंगी चिमुकल्या भुंगेऱ्याच्या रसाने उठतात. तो अंगावर चिरडू नये. चिरडल्यास कातडी साबणाने तत्काळ धुवावी. अंगाच्या एकाच बाजूस पट्ट्याने उठलेले फोड नागिणीचे असू शकतात. ते डॉक्टरांस त्वरित दाखवावेत. जळमटे केरसुणीने काढावीत. त्यांसाठी धान्याच्या कणगीजवळ कीटकनाशक फवारू नये.