गुन्हा लिव्हरचा, शिक्षा किडनीला!

माहीत आहे का? खरचटल्यावर रक्त थांबवणारं प्रथिनच काही घराण्यांत किडनीच्या मुळावर उठतं! त्याचं नाव फायब्रिनोजेन. जीनमध्ये बिघाड असला, की त्याचे तुकडे भलतीच घडी घालून किडनीच्या गाळण्यांत ठाण मांडतात. हा साठा म्हणजे अमायलॉइड. आजार : हेरेडिटरी रीनल अमायलॉइडोसिस. एका दमात म्हणून दाखवा!

बिघाड तरी केवढा? सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात ५२६व्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन बसतं. बस्स! विदर्भाच्या ओळखीच्या सिकलसेलमध्येही हीच अदलाबदल होते. फक्त जीन वेगळा.

मायक्रोस्कोपखालचा सीन बघाच. गाळण्या गच्च भरलेल्या, शेजारच्या रक्तवाहिन्या मात्र जवळजवळ कोऱ्या! इकडे पेशंटच्या लघवीला फेस, पायांना सूज.

आता ट्विस्ट. फायब्रिनोजेन बनतं लिव्हरमध्ये! त्यामुळे नुसती किडनी बदलली, तरी लिव्हर तोच सदोष माल पाठवत राहतं. म्हणून काही पेशंट्सचं लिव्हरही सोबत बदलतात. कारखान्यालाच टाळं!

याच आजाराचे बाकीचे आरोपीही सज्जनच निघाले. लायसोझाइम आपल्या अश्रूंत असतं, लाळेत असतं, अंड्याच्या पांढऱ्यातही असतं. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगना ते सापडलं नाकातल्या शेंबडात! (नाश्ता करताय? सॉरी.) तेही बिघडलं तर किडनीत साचतं, हे कळलं १९९३ मध्ये. तिसरा आरोपी ‘गुड कोलेस्टेरॉल’मधलं मुख्य प्रथिन. गुड? हं!

पकडायचं कसं? काँगो रेडने! सुती कापडासाठी आलेला हा १८८४च्या सुमाराचा रंग. बायॉप्सीच्या चकतीवर लावा, पोलराइज्ड लाइट सोडा, की लाल अमायलॉइड चक्क हिरव्या सफरचंदासारखा चमकतो.

पण अमायलॉइड दिसला, तरी तो कोणाचा? २००२ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी नेहमीचा, आनुवंशिक नसलेला अमायलॉइडोसिस वाटणारे ३५० पेशंट तपासले. त्यातल्या ३४ जणांचा आजार आनुवंशिक निघाला! घरात कुणालाच नव्हता ना? जीन बाळगूनही कित्येक जण ठणठणीत राहतात, तिथेच फसगत होते. आणि ही फसगत महागाची, कारण नेहमीच्या प्रकारावर केमो देतात. इथे ती फुकट.

जाता जाता भू-भू कॉर्नर! चीनच्या शार-पेई कुत्र्याच्या गोंडस सुरकुत्या ठाऊक आहेत? त्या देणारा डीएनएचा जादा तुकडाच त्याला वारंवार ताप आणतो आणि पुढे काहींच्या किडनीत अमायलॉइड साचतो. तोही प्रथिनाचाच, पण वेगळ्या. सुरकुत्यांवर ताप फ्री!