नांगराची जाहिरात, ट्रॅक्टरची जाहिरात आणि आपला सातबारा



दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांत तालुक्याच्या गावी जाल, तर जिकडे तिकडे ट्रॅक्टरच दिसतो. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर ट्रॅक्टर, बाजार समितीच्या फाटकावर ट्रॅक्टर, खताच्या दुकानातल्या कॅलेंडरवर ट्रॅक्टर. आता तर खिशातल्या मोबाईलवरही तोच. चित्र बहुधा ठरलेले असते. चकचकीत ट्रॅक्टर, त्यावर कोरा फेटा बांधलेला धनी आणि शेजारी आरतीचे ताट घेतलेली घरधनीण. ट्रॅक्टर शेतात उभा असतो, पण चाकाला चिखल नसतो.

जाहिरात करणे हा काही गुन्हा नव्हे. चांगले अवजार निघाले आहे हे कळलेच नाही, तर ते घेणार कोण? पण चित्रातले आरतीचे ताट दिसते आणि सातबाऱ्यावर चढणारा बोजा दिसत नाही. म्हणून जाहिरात नुसती पाहू नये, ती वाचायला शिकावे. हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. शेतीच्या अवजारांच्या जाहिरातीचा एक मोठा धडा आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीत लिहिला गेला आहे.

लोखंडाने जमीन नासते!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा तो कोणी घेईना. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याचे बलुते ठरलेले असे. मग रोख पैसे मोजून लोखंड कशाला घ्यायचे? शिवाय लोखंड जमिनीत गेले की जमीन विषारी होते, असा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. आपण आज त्या समजुतीला हसतो, पण त्या शेतकऱ्याचे काय चुकले? जमीन हेच त्याचे भांडवल होते. नवी वस्तू पारखल्याशिवाय तिच्यात घालायची नाही, हा शहाणपणाच होता.

पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी जागा दिली, दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

हा नांगर खपला तो गोड बोलून नव्हे, तर शेतात चालवून दाखवून. हरळी आणि कुंदा माजलेल्या काळ्या रानात लाकडी नांगर वरवर ओरखडे काढतो, तर लोखंडी नांगर खाली जाऊन माती पालथी करतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर वादाला जागाच उरली नाही. पुढच्या वर्षी त्या रानात पीक कसे आले, हे बांधावरच्या शेजाऱ्याने पाहिले. तोच खरा जाहिरातदार ठरला.

जाहिरातीतून निघाले मासिक

नांगर खपू लागल्यावर गिऱ्हाईक आणि अडते यांच्यापर्यंत माहिती पोचवण्यासाठी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघाले. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार आणि जाहिरातीचे जाणकार होते. पत्रकात मालाची माहिती असे, पण घरातल्या सर्वांनी वाचावे असा मजकूरही येऊ लागला. पुढे 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' हे मासिक महाराष्ट्रभर पोचले. 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' निघाले. नांगराच्या जाहिरातीसाठी लावलेल्या रोपाचा असा वटवृक्ष झाला.

सातारा जिल्ह्यातही असाच एक कारखाना उभा राहिला. धनजीशहा कूपर यांनी 1922 मध्ये साताऱ्याच्या बाजूला कारखाना काढला. तिथेही लोखंडी नांगर आणि शेतीची इतर अवजारे तयार झाली आणि 1930 नंतरच्या काळात डिझेल इंजिनही तयार झाले. म्हणजे नांगराला गिऱ्हाईक नव्हते तिथे पंधरा-वीस वर्षांत दोन-दोन कारखाने नांगर करू लागले. दुकानदार दोन झाले की गिऱ्हाईक तुलना करू लागते. फाळ कोणाचा टिकतो, झिजलेला फाळ कुठे बदलून मिळतो, हे प्रश्न तेव्हापासूनचे आहेत आणि आजही तेच आहेत.

बैलाच्या जागी छोटे इंजिन

नांगर सुधारला तरी तो ओढायला बैलच लागत. खोल नांगरटीला एका घरचे बैल पुरत नसत, म्हणून इर्जिक आणि पैरा होता. बैलाचे काम छोट्या इंजिनाने करावे, हा विचार तिकडे परदेशात झाला आणि त्याच्या दोन वाटा झाल्या.

अमेरिकेत छोटे ट्रॅक्टर आधी भाजीपाल्याच्या मळ्यांत आले. पुढे ते बंगल्याभोवतालचे गवत कापण्यासाठी आणि बर्फ ढकलण्यासाठी खपू लागले. त्यांना तिकडे बागेचा ट्रॅक्टर म्हणतात. 1961 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 'कब कॅडेट' आणला, 1963 मध्ये जॉन डीअरने आपला 110 नंबरचा छोटा ट्रॅक्टर आणला. गिऱ्हाईक पोटासाठी शेती करणारे नव्हते, म्हणून जाहिरातीचा सूरही बदलला. 1969 मध्ये जॉन डीअरने नेहमीचा हिरवा-पिवळा रंग सोडून लाल, निळ्या, केशरी रंगांच्या हुडाचे आणि सीटचे ट्रॅक्टर काढले. घराच्या रंगाला शोभेल तो घ्या! रंगाने एक गुंठाही जास्त नांगरला जात नाही. पण ज्याला नांगरायचेच नाही, त्याला रंगच विकावा लागतो.

जपानने दुसरी वाट धरली. तिथे जमिनीचे तुकडे आपल्यासारखेच लहान आणि पीक भाताचे. तिथला पॉवर टिलर दोन चाकांचा असतो आणि माणूस त्याच्या मागे चालतो. हीच जात आपल्याकडे आली. बंगळूरला व्हीएसटी कंपनीने 1967 पासून मित्सुबिशीच्या सहकार्याने हे यंत्र बनवायला घेतले आणि केरळ सरकारची कॅमको कंपनी 1973 मध्ये सुरू झाली.

मोठ्या ट्रॅक्टरची गोष्ट याच काळातली. भारतात बनवलेला पहिला ट्रॅक्टर 1959 मध्ये आयशर कंपनीने फरिदाबादहून बाहेर काढला आणि 1974 मध्ये मोहालीहून 'स्वराज' आला. त्या वर्षांत ट्रॅक्टर कमी आणि मागणी जास्त असे. नाव नोंदवून वाट पाहावी लागे. अशा वेळी कंपनीला फार मन वळवावे लागत नाही.

आता ध्यानात घ्या. गिऱ्हाईक घ्यायला तयार नव्हते, तेव्हा विकणाऱ्याला पुरावा द्यावा लागला. गिऱ्हाईक रांगेत उभे होते, तेव्हा नुसते नाव पुरले. आज कंपन्या पुष्कळ आहेत आणि गिऱ्हाईक घ्यायला उतावीळ आहे, म्हणून जाहिरात विकते ती प्रतिष्ठा. 'शेजाऱ्याच्या दारात आहे, मग आपल्या का नको?' हा प्रश्न जाहिरातीत लिहिलेला नसतो, पण ती मनात हाच प्रश्न जागा करते.

पत्रक हातात आले की काय पाहावे?

मिनी ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर ही कामाची यंत्रे आहेत, यात शंका नाही. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागेत, आटपाडीच्या डाळिंबात, कोरेगाव भागातल्या आल्यात, उसाच्या बांधणीला त्यांचा उपयोग होतो. प्रश्न एवढाच की तुमच्या घराला ते परवडते का? त्यासाठी पुढील गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट अश्वशक्तीची. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेली असते ती इंजिनाची. फवारणीचा ब्लोअर किंवा रोटाव्हेटर फिरतो तो पीटीओच्या शक्तीवर आणि ती नेहमीच कमी असते. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात मोजून काढलेली पीटीओची शक्ती आणि डिझेलचा खप दिलेला असतो. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा.

दुसरी गोष्ट मापाची. टेप घेऊन जा. ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी मोजा आणि आपल्या बागेच्या दोन ओळींतले अंतर मोजा. ओळीच्या टोकाला वळायला जागा किती उरते, तेही पाहा. वळणावर बागेचा खांब पाडणारा ट्रॅक्टर स्वस्तात मिळाला तरी महागच.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. फिल्टर, पट्टे, क्लच प्लेट तालुक्याला मिळते का? ऐन फवारणीत यंत्र बंद पडले तर मिस्त्री किती तासांत येतो? हे विक्रेत्याला विचारू नका. ज्याने तीन वर्षांपूर्वी तेच यंत्र घेतले, त्याला विचारा.

चौथी गोष्ट किमतीची. मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरे असतात. नोंदणी, विमा आणि अवजारे धरून यंत्र दारात किती रुपयांना पडते, ते कागदावर लिहून घ्या. अनुदान घ्यायचे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका. आधी खरेदी आणि मग अर्ज, असे चालत नाही.

तासाचा हिशेब

आता एक हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आपापले आकडे घालून पाहा. समजा, यंत्र 4 लाख रुपयांना पडले आणि दहा वर्षांनी 1 लाखाला गेले. म्हणजे दरवर्षी 30 हजार रुपये झीज. गुंतलेली रक्कम सरासरी अडीच लाख धरली, तर दहा टक्क्यांनी व्याज 25 हजार. विमा आणि दुरुस्ती 15 हजार. यंत्र दारात नुसते उभे असले तरी वर्षाला 70 हजार रुपये लागले.

ते वर्षातून 200 तास चालले, तर तासाला 350 रुपये पडले. 700 तास चालले, तर तासाला 100 रुपये. डिझेल आणि चालवणाऱ्याची मजुरी यावर वेगळी. हा आकडा गावातल्या भाड्याच्या दराशेजारी ठेवा. आपले रान दोन एकर असेल आणि दुसऱ्याची कामे मिळणार नसतील, तर भाड्याने घेतलेला बरा. चार भावकीच्या घरांनी मिळून घेतला तर तास वाढतात, पण आधी वहीत लिहावे की डिझेल कोणाचे, दुरुस्ती कोणाची आणि पहिली पाळी कोणाची. जुना पैरा माणुसकीवर चालला, इंजिनाच्या पैऱ्याला वही लागते.

हप्त्याची तारीखही बघा. द्राक्षाचा पैसा उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येतो, उसाचा कारखान्याच्या बिलावर. पैसा हाती यायच्या आधी हप्ता आला, तर तो सावकाराच्या पैशाने भरला जातो.

आणि एक गोष्ट घरातल्या भगिनींसाठी. पुष्कळ घरांत पहिली रक्कम भरायला अंगावरचे सोने गहाण पडते. जाहिरातीत तुमच्या हाती आरतीचे ताट दिले आहे, पण हिशेबाची वही दिलेली नाही. ती तुम्ही मागून घ्या. ज्या कर्जासाठी तुमचे डोरले जाणार, त्याचे कागद तुमच्यासमोर वाचले गेले पाहिजेत.

दर वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या नावाने कृषी प्रदर्शन भरते, तर पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतही अवजारे मांडलेली असतात. तिथे जरूर जा, पत्रके गोळा करा, सीटवर बसून पाहा. पण आगाऊ रक्कम तिथे देऊ नका. विक्रेत्याला सांगा, "आमच्या रानात आणा, आमच्या अवजाराला जोडा, तासभर चालवा आणि डिझेल मोजून दाखवा." लोखंडी नांगराच्या काळात आपल्या आज्या-पणज्यांनी हेच मागितले होते आणि ते मिळाल्यावरच कनवटीचे पैसे सोडले होते. ज्याचे यंत्र चांगले आहे, तो विक्रेता आजही नाही म्हणणार नाही.