स्मारकांच्या सावलीतील घरे : बदामीसारख्या लहान गावांपुढील पेच

ऐतिहासिक वास्तूंचे जतन आणि दुर्बल घटकांना परवडणारी घरे ही दोन्ही शासनाची घोषित उद्दिष्टे आहेत. महानगरात ती सहसा वेगवेगळ्या जागी साध्य करता येतात. स्मारकाभोवती बांधकाम थांबवले, तरी वसाहतीसाठी उपनगरात जागा शोधता येते. लहान ऐतिहासिक गावाला ही सोय नसते. तेथे स्मारक, बाजार, तळे आणि गरिबांची वस्ती एकमेकांना लागून असतात. उत्तर कर्नाटकातील बदामी हे या पेचाचे ठळक उदाहरण आहे.

राजधानी ते तालुक्याचे गाव

बागलकोट जिल्ह्यातील बदामी म्हणजे प्राचीन वातापी. पहिल्या पुलकेशीने इ.स. ५४३ मध्ये येथे दुर्ग बांधल्याचा शिलालेख आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील लेख इ.स. ५७८ चा आहे. अगस्त्य तीर्थ या तळ्याच्या काठी भूतनाथ मंदिरे उभी आहेत, तर इ.स. ६९९ चे जंबुलिंग मंदिर चक्क घरांच्या दाटीत आहे.

मराठी माणसालाही हा परिसर परका नाही. जवळच्या ऐहोळे येथील इ.स. ६३४ च्या प्रशस्तीत दुसऱ्या पुलकेशीला नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हटले आहे. १७८६ मध्ये मराठे व निजाम यांच्या फौजांनी टिपूच्या ताब्यातील बदामीचा किल्ला घेतला. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता असलेली बनशंकरी येथून काही किलोमीटरवर आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या सुमारे ३१ हजार होती. तळे आणि बाजार यांच्यामधील जुन्या वस्तीत दगडमातीच्या भिंतींची व मातीच्या माळवदाची घरे अनेक पिढ्यांपासून आहेत. कुटुंबे वाढली, तशा खोल्या विभागल्या गेल्या. पण घराखालील जमीन वाढली नाही.

कायद्याचे वर्तुळ

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्याचे संरक्षण आहे. या कायद्यात २०१० मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून किमान १०० मीटरचा पट्टा 'प्रतिबंधित' आणि त्यापुढील किमान २०० मीटरचा पट्टा 'विनियमित' ठरतो. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या, अथवा त्यानंतर रीतसर मंजुरीने उभ्या राहिलेल्या इमारतींची दुरुस्ती वा नूतनीकरण तेवढे परवानगीने करता येते. विनियमित पट्ट्यात बांधकाम व पुनर्बांधणी शक्य असते. मात्र तेथेही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस आवश्यक असते. उल्लंघन झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या अंतरांचा अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. स्मारक केवळ एक बिंदू मानले, तरी १०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ३.१ हेक्टर जमीन व्यापते आणि ३०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे २८ हेक्टर, म्हणजे जवळपास ७० एकर. प्रत्यक्षात मोजणी संरक्षित आवाराच्या सीमेपासून होत असल्याने क्षेत्र याहूनही मोठे असते. एकाच गावात अशी अनेक स्मारके असतील, तर वर्तुळे एकमेकांत मिसळतात आणि जुन्या गावठाणाचा मोठा भाग त्यांच्या आत येतो.

परवानगी एकीची, अनुदान दुसरीचे

नेमक्या याच ठिकाणी गृहनिर्माण योजनेशी गाठ पडते. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचा घटक होता. त्यासाठी केंद्राकडून प्रत्येक घरामागे दीड लाख रुपयांचे साह्य ठरविण्यात आले होते. हे साह्य नव्या घरासाठी, किंवा जुन्या घराला किमान ९ चौरस मीटर चटई क्षेत्राची पक्की जोड देण्यासाठी मिळत असे.

प्रतिबंधित पट्ट्यातील कुटुंबाच्या दृष्टीने विचार केल्यास विसंगती ध्यानात येते. कायदा त्याला दुरुस्तीची मुभा देतो, नव्या बांधकामाची देत नाही. योजना नव्या बांधकामासाठी पैसे देते, केवळ दुरुस्तीसाठी देत नाही. ज्या कामाला परवानगी मिळू शकते त्याला अनुदान नाही आणि ज्याला अनुदान आहे त्याला परवानगी नाही. पावसाळ्यात खचलेली भिंत कुटुंबाने स्वखर्चाने सावरायची, तशीच सोडायची, की रातोरात सिमेंटने उभारून कारवाईचा धोका पत्करायचा, एवढेच पर्याय उरतात. अशी विनापरवाना बांधकामे जुन्या वास्तूच्या शेजाराचीही हानी करतात. म्हणजेच निवाऱ्याचा प्रश्न सुटत नाही आणि वारशाचेही रक्षण होत नाही.

जमिनीच्या कागदपत्रांची अडचण वेगळीच. स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी मालकीचा पुरावा लागतो. जुन्या गावठाणातील घरे पुष्कळदा आजोबा-पणजोबांच्या नावावर, वाटण्या न झालेली असतात.

कठोरता का आली?

कायद्याच्या कठोरतेमागेही कारण आहे. २०१० पूर्वी प्रतिबंधित क्षेत्रातील बांधकामांना एका तज्ज्ञ सल्लागार समितीच्या शिफारशीने सवलत दिली जात असे. ऑक्टोबर २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरविली. त्यानंतर संसदेने केलेल्या दुरुस्तीत सार्वजनिक कामांनाही प्रतिबंधित क्षेत्रात वाव ठेवण्यात आला नाही. सवलतीची वाट मोकळी असली, की तिचा उपयोग गरजू रहिवाशापेक्षा व्यापारी बांधकामाला अधिक होतो, ही भीती निराधार नाही.

वस्तीतील सोयींचा ताणही खरा आहे. राजस्थानातील जैसलमेरच्या किल्ल्यात आजही लोक राहतात. तेथे नळाचे पाणी आले, पण सांडपाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था त्या प्रमाणात झाली नाही. जमिनीत मुरलेल्या पाण्याने तटबंदीचा पाया कमकुवत झाला. घर आणि स्मारक एकाच जमिनीवर उभे असल्याने एकाची गैरसोय दुसऱ्याच्या मुळावर येते.

स्थलांतराची किंमत

वस्ती हलविणे हा उपाय सरळ वाटतो. परंतु जुलै २०११ मध्ये हम्पीतील विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारातून तीनशेहून अधिक कुटुंबांना हटविण्यात आले, तेव्हा त्यांची घरे व दुकाने दोन्ही गेली. पर्यायी जागा काही किलोमीटरवरील कड्डिरामपूर येथे होती. गिऱ्हाईक मात्र मंदिरापाशीच राहिले. घर बदलता येते, त्यासोबत रोजगार हलविणे कठीण असते.

शिवाय वस्ती हाही इतिहासाचाच भाग आहे. ऐहोळ्याच्या लाडखान मंदिराला तेथे राहून गेलेल्या एका रहिवाशाचे नाव मिळाले आहे. माणसे पूर्णपणे दूर केली, तर अशा गावाच्या स्मृतीतील एक थर पुसला जातो.

मधला मार्ग

२०१० च्या दुरुस्तीतच एक मार्ग सुचविलेला आहे. प्रत्येक स्मारकासाठी, तज्ज्ञ संस्थेशी विचारविनिमय करून, स्वतंत्र वारसा उपविधी तयार करण्याची तरतूद तीत आहे. इमारतीची उंची, दर्शनी भाग, पाण्याचा निचरा यांचे नियम स्थळानुसार ठरले, तर विनियमित पट्ट्यातील रहिवाशाला काय बांधता येईल हे आधीच कळू शकते. सर्व स्मारकांना एकच अंतर लावण्याच्या धोरणाचा फेरविचार व्हावा, असे मत संसदेच्या स्थायी समितीनेही २०२३ मध्ये नोंदविले होते. मात्र प्रतिबंधित अंतराची किमान मर्यादा कायद्यातच असल्याने ती बदलण्याचा अधिकार संसदेलाच आहे.

कायद्याला हात न लावताही काही गोष्टी शक्य आहेत. गृहनिर्माण साह्यात दुरुस्तीचा स्वतंत्र घटक ठेवून चुना, दगड व मातीच्या कामाला मान्यता देता येईल. गावठाणाच्या वारसनोंदींसाठी नगरपालिका व महसूल खात्याने एकत्र शिबिरे घेता येतील. वाढत्या कुटुंबांसाठी ३०० मीटरच्या बाहेर, पण बाजारापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर जमीन राखून ठेवता येईल.

बदामीचा समावेश २०१५ मध्ये सुरू झालेल्या हृदय योजनेतील बारा वारसा शहरांत होता. मार्च २०१९ मध्ये संपलेल्या त्या योजनेचा भर वारसास्थळांभोवतीच्या नागरी सुविधांवर होता. वारसा आणि निवारा यांचे आराखडे एकाच नकाशावर, एकाच वेळी आखले जाणे, हे बदामीसारख्या गावांत अजून व्हायचे आहे. तसे झाले, तर लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुटुंबाला स्मारक हे घराच्या आड येणारी भिंत वाटणार नाही आणि त्याच्या रक्षणात त्यालाही आपला वाटा दिसेल.