२०१६ : झिंगाट साल

उमरीकरांनो, २०१६ आठवतंय का? मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तोच उन्हाळा. त्याच एप्रिलच्या २९ तारखेला ‘सैराट’ लागला आणि लग्नसराईत बँडवाल्यांना दुसरं काही वाजवायची सोयच उरली नाही.

गाणी फक्त चार! वराती ‘झिंगाट’नं गाजवल्या हे खरं, पण माझ्या मते अल्बमचा जीव ‘याड लागलं’मध्ये आहे. हेडफोन लावून ऐका: अजय गोगावलेचा रांगडा आवाज मधोमध आणि भोवती व्हायोलिनचा ताफा. हा वाद्यवृंद अजय-अतुलनी थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. हॉलिवूडच्या सिनेमांचं संगीत होतं तिथं. आपण मात्र ‘सैराट’ची गाणी मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून घ्यायचो! सप्टेंबरात जिओ आलं आणि हळूहळू तो धंदाच बसला.

वर्षाअखेरीस ‘व्हेंटिलेटर’मध्ये प्रियंका चोप्रानं ‘बाबा’ गायलं. चांगलंच गायलं, पण वरातीत त्याचं काय काम?

‘झिंगाट’ पुढं २०१७ला कन्नडमध्ये अन् २०१८ला ‘धडक’मधून हिंदीत गेलं. संगीतकार तेच, तरी हिंदीत ती रग नाही. यावर भांडायला मी कधीही तयार!