हाकेला ओ देणारी चिठ्ठी

टोलनाक्याशी मोटार पोचते, आडवा दांडा उचलला जातो आणि मोटार पुढे निघते. खिशात हात नाही, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत नाही. मागे बसलेले चिरंजीव विचारतात, “बाबा, आपली गाडी त्याला ओळखू कशी आली?” बाबा काचेवरच्या फास्टॅगकडे बोट दाखवतात. पण त्या एवढ्याशा चिठ्ठीत असते तरी काय?

बॅटरी तर नसतेच. असते ती कणाएवढी चिप आणि धातूची पातळ, नागमोडी पट्टी. नाक्यावरच्या यंत्राने रेडिओलहरींची हाक घातली, की त्या हाकेतलीच चिमूटभर शक्ती उसनी घेऊन चिप जागी होते आणि परतणाऱ्या लहरींत आपला क्रमांक गुंफून धाडते. हाक मारणाऱ्याच्याच श्वासावर ओ द्यायची, अशी ही काटकसरी युक्ती! क्रमांक पटला, की खात्यातून टोल वळता होतो. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. ग्रंथालयांतील पुस्तकांना आणि दुकानांतील कपड्यांनाही अशाच चिठ्ठ्या लावतात.

युक्ती मात्र आजची नव्हे. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएट शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. ते राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर विराजमान झाले. आत ना बॅटरी, ना बाहेर जाणारी तार. मग संशय यावा कसा? पण बाहेरून रेडिओलहरी सोडल्या, की खोलीतले बोलणे त्यांवर स्वार होऊन परत जाई! थेरेमिन या रशियन संशोधकाची ही करामत १९५२ साली उघडकीस आली.

गंमत येथे संपते आणि विचार सुरू होतो. साधी चिठ्ठी हाक कोणाची, हे पाहत नाही. योग्य यंत्राने विचारले, की क्रमांक सांगून मोकळी होते. नुसत्या क्रमांकाने कोणी आपले पैसे काढू शकत नाही, हे खरे. परंतु कोणती गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली, याची नोंद मागे राहतेच. ती कोणी व किती दिवस जपावी, हा प्रश्न यंत्राचा नसून आपला आहे.

उपाय नाही, असे मात्र नव्हे. चिप असलेल्या पारपत्रात आतल्या पानावरच्या छापील ओळी यंत्राने वाचल्याशिवाय चिप तोंड उघडत नाही. आपल्या आज्या तरी दुसरे काय करीत? दार वाजले, की आधी “कोण आहे?” आणि मगच कडी काढायची!