वाशीचा फ्लॅट, अमेरिकेचा व्हिसा

वाशीतल्या नवऱ्याला किंवा बायकोला अमेरिकेत कायमचं न्यायचं, तर तिथल्या जोडीदाराला ‘फॉर्म आय-८६४’, म्हणजे जोडीदाराच्या खर्चाची जबाबदारी घेणारं हमीपत्र, भरावा लागतो. दोघांच्या कुटुंबासाठी २०२५च्या निकषानुसार वर्षाला किमान २६,४३७ डॉलर कमाई हवी होती. म्हणजे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के.

तिथली कमाई कमी पडली, तरी इथला पगार सहसा धरत नाहीत, ती नोकरी इथेच सुटते ना! सिडकोचा फ्लॅट मात्र चालतो, वर्षभरात विकून पैसे तिकडे नेता येणार असतील तर. मूल्यांकनाचा कागद जोडा, गृहकर्ज वजा करा. उरलेली किंमत उत्पन्नातल्या तुटीच्या तिप्पट हवी. जोडीदाराकडे नागरिकत्व नसून ग्रीन कार्डच असेल, तर पाचपट.

तरी भागलं नाही, तर तिथलाच दुसरा जामीनदार चालतो. पण सही जपून करावी: घटस्फोटानंतरही ही जबाबदारी सुटत नाही.